अंदमानला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला माझ्या चार फेऱ्या झाल्या. पहिली नवऱ्याबरोबर, दुसरी मुलांना घेऊन, तिसरी सासू-सासऱ्यांसह नऊ जणांच्या लवाजम्यात आणि चौथी मैत्रिणींबरोबर. तेव्हापासून दिवाळी आवरली की ओळखीच्यांचे, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते आहे. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, थोडी काटछाट केली आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे बदल डिसेंबर २०१८ चे. बोटीच्या तिकिटावर नवं नाव असेल, रिक्षावाला जुनंच घेईल. खाली मीही जुनीच नावं वापरली आहेत, कारण प्रश्न विचारणारे सगळे तीच वापरतात.

१. अंदमानला जायला पासपोर्ट किंवा परमिट लागतं का?

भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील या नेहमीच्या ठिकाणांसाठी परमिटही नाही. सरकारी ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं हवं, मुलांचंसुद्धा, कारण बोटीत चढतानाही ते बघतात. परदेशी पासपोर्टवाल्या नातेवाइकांसाठी प्रश्न २० पाहा.

२. मुंबईहून बोटीने जाता येतं का? आणि विमानाने कसं जायचं?

मुंबईहून बोट नाही. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी प्रवासी जहाजं सुटतात आणि पोचायला अडीच-तीन दिवस घेतात. ती मुळात बेटांवर राहणाऱ्यांसाठी आहेत. वेळापत्रक बेभरवशाचं, आत करमणूक शून्य. हाताशी पंधरा-वीस दिवस असतील आणि समुद्राची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

विमानाने चेन्नई किंवा कोलकात्याहून दोन-सव्वादोन तास लागतात. महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेकांना कुठेतरी विमान बदलावं लागतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतली आणि पहिलं उशिरा पोचलं, तर दुसऱ्या कंपनीचं काही देणंघेणं नसतं. विमानतळाचं नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, नवी टर्मिनल इमारत जुलै २०२३ ची. खिडकीची जागा मागून घ्या. उतरताना खाली जे हिरवं-निळं दिसतं, ते बघायला शेजारचा माणूस तुमच्या अंगावर ओणवा होतोच.

३. किती दिवस पुरतील? चार दिवसांत होतं का?

चार दिवसांत फक्त दमणं होतं. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील एवढंच करायचं तरी पाच रात्री धरा, सहा असतील तर उत्तम. बाराटांग धरायचं असेल तर आणखी एक दिवस (पण आधी प्रश्न १६ वाचा).

माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरून संध्याकाळी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे दोन-तीन रात्री, मग नीलला एक किंवा दोन, आणि शेवटची रात्र काहीही झालं तरी पोर्ट ब्लेअरला. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडणारा कार्यक्रम कुणी आखून दिला, तर तो कागद परत करा. का, ते प्रश्न ८ मध्ये.

४. कोणत्या महिन्यात जावं? मुलांना सुट्टी मेमध्येच असते.

सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न हाच, तेव्हा जरा सविस्तर.

दरवर्षी मे महिन्यात "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी वाचून आपण घामाघूम अवस्थेत हुश्श म्हणतो. साधारण तिसरा आठवडा असतो. आता त्या बातमीच्या दिवशी आपण तिथल्या किनाऱ्यावर रंगीत टोपी घालून उभे आहोत अशी कल्पना करा. ढग, जोराचा वारा, खवळलेलं पाणी, बोटी रद्द, स्कूबा बंद. तेव्हा मेमध्ये जायचंच असेल तर पहिल्या आठवड्यातच उरका, दहा तारखेपुढे जाऊ नका. उकाडा असतो, पण कोकणातल्या मे महिन्याची सवय असलेल्याला तो नवा नाही. परीक्षा मार्चअखेर संपत असतील, तर सरळ एप्रिलचा पहिला पंधरवडा पकडा.

समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत नितळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असतं. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण गर्दी आणि दर दोन्ही चढे. आपल्याकडून लोक दिवाळीच्या सुट्टीत जातात, तेव्हा एक लक्षात ठेवा: आपला पाऊस संपला म्हणजे तिथला संपला असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस तिथे असतो आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही तो हंगाम आहे. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस घेणारी बेटं आहेत ती. जंगल उगाच एवढं गर्द नाही.

जून ते सप्टेंबर स्वस्त पडतं. ज्यांना पावसात खिडकीशी बसून चहा पिणं हीच सहल वाटते, त्यांनी जरूर जावं.

५. अंदमान की लक्षद्वीप की मालदीव?

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि राहायची सोय मोजकी आहे. मालदीवला एका रिसॉर्टमध्ये पोचलात की बहुधा तिथेच दिवस काढता. अंदमानात डोंगर आहे, जंगल आहे, इतिहास आहे, बाजार आहे, आणि हिंदीत सगळं निभतं. पाण्यावरची लाकडी घरं अंदमानात नाहीत. नवविवाहितांपैकी निम्मे तेच विचारतात. तेच हवं असेल तर मालदीवला जा.

६. पॅकेज घ्यावं की स्वतः ठरवावं? खर्च किती येईल?

आकडा सांगत नाही, कारण तो महिन्यागणिक बदलतो आणि नंतर लोक मला स्क्रीनशॉट पाठवतात. पण एक ढोबळ गोष्ट सांगते. आमच्या चारही वेळी सर्वांत मोठा घास विमानाने खाल्ला. म्हणून आधी विमानाचं तिकीट बघा, ते परवडेल ती तारीख ठरवा आणि मग बाकीचं. उलटा क्रम महागात पडतो.

चार माणसांपर्यंत असाल आणि फोनवर तिकिटं काढता येत असतील, तर स्वतः करा. अवघड काहीच नाही. आठ-दहा जण, त्यात वृद्ध आणि लहान मुलं असतील, तर गाडी आणि बोटीचं कुणीतरी बघणारं बरं. आपल्या पदार्थांची आणि मराठी गप्पांची सोय हवी असलेल्यांनी मराठी पर्यटन कंपनीच्या समूहाबरोबर जावं, त्यात कमीपणा नाही.

पॅकेज घेताना तीनच गोष्टी लेखी मागा: हॉटेलांची नावं ("तत्सम" हा शब्द चालणार नाही), बोट कुठली आणि कितीची, आणि "सर्व स्थलदर्शन" म्हणजे नेमकं काय. आमच्या नऊ जणांच्या वेळी त्या "सर्व"मध्ये हॅवलॉकच्या एलिफंट बीचची बोट नव्हती, जेलच्या शोची तिकिटंही नव्हती. दोन्ही तिथे जाऊन भरली, तीही सासरे शेजारी उभे असताना.

७. बेटांमधल्या बोटींची तिकिटं कशी काढायची? मला बोट लागते, काय करू?

दोन प्रकार आहेत. खासगी बोटी वातानुकूलित, वेगवान. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड तासाच्या आसपास. तिकिटं घरबसल्या मिळतात. सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास घेते, स्वस्त असते, तिकीट मिळणं मात्र नशिबाचं, कारण ती आधी तिथल्या रहिवाशांची लालपरी आहे. शेतकऱ्याची टोपली, शाळेच्या मास्तरांची सायकल आणि आपण, असा तो प्रवास. मला विचाराल तर एक फेरी सरकारी बोटीने कराच. खासगी बोटीत काचेआड बसावं लागतं, सरकारी बोटीच्या डेकवर उभं राहता येतं, आणि उडणारे मासे तिथूनच दिसतात. पहिल्यांदा मला ते चिमण्यांचा थवा वाटले होते.

बोट लागणाऱ्यांनी सकाळची फेरी घ्यावी, समुद्र तेव्हा बहुधा शांत असतो. जागा मागची, खालच्या मजल्यावरची. गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी गोळीसकट बाहेर येते. पोट रिकामं नको आणि मिसळपाव खाऊन तट्टही नको. आमच्याकडे आवळा सुपारी आणि आलेपाकाच्या वड्या चालतात. फोनमध्ये डोकं घालू नका, क्षितिजाकडे बघा.

८. बोट रद्द झाली तर? आमचं विमान चुकलं तर पैसे मिळतील का?

बोटीचे मिळतील, विमानाचे बहुधा नाही.

दुसऱ्या फेरीत हे आमच्यावर गुदरलं. नीलवर होतो. रात्रभर वारा घोंघावत होता, सकाळी जेट्टीवर गेलो तर फाटक बंद. पाऊस नाही, आकाश जवळजवळ मोकळं, आणि तरी बोट नाही. मुलं विचारत होती, "ऊन तर पडलंय, मग का नाही?" लाटा पाऊस बघून उठत नाहीत, वारा बघून उठतात. ज्यांनी पॅकेज विकलं होतं त्यांचा फोन दिवसभर "व्यस्त" होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सुटलो आणि विमान चेन्नईला जाऊन पोचलेलं होतं. चार नवी तिकिटं त्याच दिवशीच्या भावाने घेतली. तेव्हापासून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला.

हे अपवादाने होतं असं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये चक्रीवादळामुळे शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते, त्यांना नौदलाने आणि तटरक्षक दलाने बाहेर काढलं. तेव्हा घरी परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं कबूल करू नका, रोजची औषधं तीन-चार दिवसांची जास्त घ्या आणि थोडी रोकड जवळ ठेवा. प्रवास विमा काढलात तर हवामानामुळे चुकलेलं विमान त्यात बसतं का, ती ओळ शोधून वाचा.

९. हॅवलॉक की नील? दोन्ही कशाला, किनारे सारखेच ना?

सारखे नाहीत. हॅवलॉक मोठं आहे, तिथे हॉटेलं, स्कूबा, दुकानं सगळं आहे. राधानगर किनारा तिथलाच; २००४ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं आणि तेव्हापासून बेटाचं नशीब पालटलं. पांढरी वाळू, मागे गर्जनाचे उंचच उंच वृक्ष, आणि सूर्यास्ताला निम्मा भारत. सकाळी सातला गेलात तर तोच किनारा जवळजवळ तुमचा एकट्याचा.

नील छोटं, सपाट आणि शेतीवाडीचं. सायकलने किंवा भाड्याच्या दुचाकीने दिवसात फिरून होतं. वांगी, केळी, भाजीचे वाफे, मध्येच भाताची खाचरं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. दोन्ही बेटांवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलं गेलं, ही नावंही त्यांच्याच वस्त्यांची. हॅवलॉकवर गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर, राधानगर आहेत ते त्यामुळेच. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराशी बोलायला लागा, अर्ध्या तासाने तुम्ही फरीदपूर नाहीतर बारीसालात असता.

एकच निवडायचं असेल तर मुलांसाठी नील (भरतपूरचं पाणी उथळ आहे), पाण्याखालच्या उद्योगांसाठी हॅवलॉक.

१०. नीलचा दगडी पूल बघायला गेलो तर नुसतं पाणीच होतं. चुकलं काय?

भरतीच्या वेळी गेलात. त्या नैसर्गिक कमानीपर्यंत ओहोटीलाच जाता येतं, आणि तिथली खरी गंमत कमानीपेक्षा खडकांतल्या डबक्यांत असते: समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे. पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून जा. कोकणातला तिथीवरून वेळ काढायचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी खूप खोल जाते, तेव्हा कमान छान दिसते, पण त्याच दिवशी हॅवलॉकच्या विजयनगरला पोहायला गेलात तर पाणी शोधत खडकांतून बरंच चालावं लागेल. पायात पकड असलेल्या चपला हव्यात, प्रवाळाने कापलेलं लवकर भरत नाही.

११. तिथे लवकर अंधार पडतो म्हणतात, खरं आहे का?

अगदी खरं. घड्याळ भारताचंच, पण बेटं मुंबईच्या वीस अंश पूर्वेला. डिसेंबरात पाच वाजता सूर्य मावळतो, मे महिन्यातही साडेपाचच्या सुमारास. उलट मेमध्ये पहाटे पाचला उजाडलेलं असतं. नऊला न्याहारी, अकराला बाहेर, जेवून थोडं लवंडू आणि चारला निघू, या आपल्या सुट्टीच्या वेळापत्रकात दिवस हातातून जातो. पाचला उठा, रात्री नऊला झोपा. पहिले दोन दिवस घरचे कुरकुरतील.

१२. सेल्युलर जेलला किती वेळ लागतो? सावरकरांची कोठडी दाखवतात का?

दाखवतात. वरच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाची. सावरकर ४ जुलै १९११ ला इथे आले आणि १९२१ पर्यंत होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, हवेसाठी वर एक झरोका. मराठी माणसं तिथे चप्पल बाहेर काढून आत जातात, कुणी न सांगता. माझे सासरे आत गेले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि बाहेर आल्यावर जेवणापर्यंत काही बोलले नाहीत. एरवी त्यांना गप्प करणं आम्हाला चाळीस वर्षांत जमलेलं नाही.

किमान दोन तास ठेवा. १८९६ ते १९०६ मध्ये बांधलेला हा तुरुंग मधल्या मनोऱ्यातून सायकलच्या आऱ्यांसारखा सात बाजूंना पसरलेला होता, त्यातल्या तीनच शाखा उरल्या आहेत. एका शाखेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर कुणी दिसायलाच नको. वरच्या गच्चीवर जाऊन ही रचना बघा, खालून कळत नाही.

आणि एक विनंती. आपले लोक ती एक कोठडी बघून फोटो काढतात आणि परत फिरतात. मनोऱ्यातल्या पाट्यांवरची नावंही वाचा, बंगाल आणि पंजाबची रांगच्या रांग आहे. बारींद्र घोष, उल्हासकर दत्त, भाई परमानंद. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न भरवताना गेलेले महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोईत्रा. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचा हिंदी खेळ लवकर भरतो, तिकीट आधी काढा.

१३. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. उपासमार होईल का?

नाही. पोर्ट ब्लेअरमध्ये दक्षिणी पद्धतीची शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत, हॅवलॉक-नीलवरही थाळी, डोसे, पराठे मिळतात. भाज्यांची निवड कमी आणि दर जास्त, कारण बराचसा माल जहाजाने येतो. जैन जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. मासे खाणाऱ्यांनी मात्र मालवणी तिखटाची अपेक्षा ठेवू नये, तिथे मोहरी आणि बंगाली हात आहे. आमच्या मावशींनी तिरफळं नेली होती. वापरायला स्वयंपाकघर कुठून आणायचं, हा विचार विमानात झाला.

१४. पोहता येत नाही. स्कूबा करता येईल का? आणि शेवटच्या दिवशी करू का?

पोहता येत नसलं तरी चालतं. प्रशिक्षक तुमच्या टाकीला धरूनच असतो, आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव होतो. मुलांना साधारण दहा वर्षांनंतर. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर करू नका, आणि फॉर्मवर खोटं तर मुळीच लिहू नका. सर्दी असेल तरी पुढे ढकला, कान बंद असताना खाली गेलात तर वेदना काय असते ते कळेल.

शेवटच्या दिवशी नको. खाली दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. एकच डुबकी असेल तर विमानाआधी किमान १२ तास, जास्त असतील तर १८ तास सोडावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. मी सरळ एक पूर्ण दिवस धरते. म्हणून स्कूबा हॅवलॉकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उरकायचं.

पाण्याखाली प्रवाळावर उभं राहू नका, हातही लावू नका. दगड दिसतो, पण जिवंत असतो.

१५. मगरी असतात का? आणि एलिफंट बीचवर हत्ती?

मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. त्यांचा वावर मुख्यतः खाड्या आणि कांदळवनांत. २०१० मध्ये राधानगरच्या बाजूच्या कोव्हमध्ये एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर काही किनाऱ्यांवर जाळी आणि धोक्याच्या पाट्या आल्या. नियम साधा आहे: पाटी असेल तिथे नाही, खाडीच्या तोंडाशी नाही, अंधारात नाही. शिट्टी वाजवणाऱ्या जीवरक्षकाशी हुज्जत घालणारे काका दर वेळी कुणीतरी असतातच. ते आपल्या समूहातले नसावेत, एवढं बघा.

हत्ती नाहीत. नाव उरलंय. लाकूडतोडीच्या काळात हत्ती वापरत असत. समुद्रात पोहणारा प्रसिद्ध राजन त्यांतलाच, तो २०१६ मध्ये गेला. फोटो अजून फिरतात, म्हणून प्रश्नही येतात.

१६. बाराटांगला जावं का? जारवा लोक दिसतात म्हणे.

बाराटांगला चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचे बुडबुडे सोडणारा छोटा ज्वालामुखी आहे आणि कांदळवनातून जाणारी सुंदर खाडी आहे. रस्ता मात्र जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या जमवून पोलिसांसह ताफ्याने सोडतात. पहाटे तीन-चारला निघायचं, तासन् तास थांबायचं, थांबे नाहीत, फोटो नाहीत, खिडकीतून काही देणं नाही. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीनुसार हा गुन्हा आहे, शिक्षाही होते.

जारवा मोजके काहीशे आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते बाहेरच्यांशी मिसळू लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तो आजही चालू आहे. २०१२ मध्ये जारवा बायकांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गाजला.

मी एकदा गेले. आमच्या गाडीतला चालक नियमाने वागत होता, पण मागच्या सीटवरून "दिसले का, दिसले का" हे दोन तास चाललं होतं. मग एका वळणावर दोन पोरं उभी दिसली, आणि गाडीतली सगळी माणसं एका बाजूला झुकली. मला माझीच लाज वाटली. पुन्हा गेले नाही, कुणाला जा असंही सांगत नाही. कांदळवनच बघायचं असेल तर हॅवलॉकला कयाकमधून बघता येतं.

१७. सेंटिनल बेट लांबून बोटीतून दाखवतात का? आणि निकोबार?

नाही आणि नाही. नॉर्थ सेंटिनलच्या आसपास जायला कायद्याने बंदी आहे. दाखवतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासूनही लांब राहा. निकोबार बेटं आदिवासींसाठी राखीव आहेत, पर्यटकांना खुली नाहीत. इंदिरा पॉइंटवर फोटो काढायचं स्वप्न बाजूला ठेवा.

१८. किनाऱ्यावर पडलेले शंख-शिंपले आणले तर चालतं ना? पडलेलेच आहेत.

चालत नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडाही त्यात आला. अनेक शंखही संरक्षित आहेत. परतीच्या विमानतळावर बॅग तपासताना हे हमखास सापडतं.

आमच्या एका आत्याबाईंनी प्रवाळाचा बोटाएवढा तुकडा सोनपापडीच्या डब्यात, दोन थरांच्या मध्ये ठेवला होता. पडद्यावर तो स्वच्छ दिसला. डबा उघडला, तुकडा निघाला, जवानाने शांतपणे तो बाजूच्या खोक्यात टाकला. खोकं काठोकाठ भरलेलं होतं. आत्याबाईंना समज देऊन सोडलं, सोनपापडीसुद्धा परत दिली. प्रत्येकाचं असं समजुतीवर भागेल याची खात्री नाही.

दुकानातून शिंपल्याच्या वस्तू घेतल्या तर परवानाधारक दुकानाची पावती जपून ठेवा.

१९. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

जमतं, पण थोडं गाळून. जेलचे जिने चढणं शक्य नसेल तर खालचं संग्रहालय, कोलूची शेड आणि संध्याकाळचा कार्यक्रम होतो. छोट्या स्पीडबोटीत चढणं-उतरणं हा खरा त्रास, कधी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. म्हणून एलिफंट बीच वगळा. राधानगर, भरतपूर, कॉर्बिन्स कोव्हला गाडी जवळपर्यंत जाते. तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ बसून बघता येतं. नीलवर दोन रात्री ठेवा आणि त्यांना एका झाडाखाली खुर्ची द्या. आमच्या सासूबाईंना आख्ख्या सहलीतली तीच सकाळ आठवते. मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, बाकी बेटांवर प्राथमिक उपचार.

२०. बहीण अमेरिकेत असते, ओसीआय कार्ड आहे. तिला परमिट लागेल का?

इथे भले भले फसतात. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे, अंदमानात परदेशी नागरिकाचेच नियम लागू होतात. २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने वस्ती असलेली ३० बेटं परमिटच्या सक्तीतून वगळली. नेहमीचा हॅवलॉक-नीलचा कार्यक्रम त्यात बसतो, तरी नोंदणी करावी लागते. पाकिस्तान, चीन, अफगाणिस्तानशी मूळ असलेल्यांना ही सूट नाही. पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. ही सूट मुदतीची असते, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा बघाच.

२१. मोबाइल चालतो का? यूपीआय? ड्रोन?

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली आणि पोर्ट ब्लेअरचं इंटरनेट सुधारलं. हॅवलॉकला बरं, नीलला लहरी. यूपीआय सगळीकडे आहे, नेटवर्क असेल तेव्हा. प्रश्न ८ मधली रोकड इथेही कामी येते. ड्रोन घरी ठेवा. नौदलाचा इलाखा आहे, विनापरवाना उडवणं अंगाशी येतं.

२२. पोर्ट ब्लेअरलाच अडकलो आणि दिवसभर पाऊस. काय करायचं?

नौदलाचं समुद्रिका संग्रहालय आणि मानववंशशास्त्र संग्रहालय, दोन्ही छपराखाली आणि दोन्ही चांगली. पाऊस थोडा थांबला तर चॅथमची लाकूड गिरणी, १८८३ सालची. अबर्डीन बाजारात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ वडा-सांबार आणि कॉफी घ्या. आणि कुणाच्या पाकिटात वीस रुपयांची जुनी लालसर नोट उरली असेल तर उलटून बघा. मागे नारळी आणि दीपगृह दिसतं, ते इथलंच नॉर्थ बे. पाऊस उघडला की समोरच.